ज्याने रुग्णाला नेले, त्याचे काय?

दरवर्षी ११ फेब्रुवारीला, लूर्दमातेच्या सणाच्या दिवशी, आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली या दिवसाची घोषणा केली आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जाऊ लागला. त्या दिवशी धर्मग्रामातील आजारी आणि वृद्ध मंडळींना चर्चमध्ये आणले जाते, त्यांच्यासाठी खास प्रार्थना होते. ख्रिस्तयाग आटोपला की डॉक्टर, परिचारिका आणि शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर्स यांना गुलाबाचे फूल देऊन त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली जाते. हे सारे योग्यच आहे. मात्र ज्याने त्या आजाऱ्यांना घरातून उचलून गाडीत बसवले आणि चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आणून सोडले, तो मनुष्य त्या वेळी फाटकाबाहेर आपल्या जीपला टेकून उभा असतो. त्याला कोणी आत बोलावीत नाही. त्याचे भाडे कोणी द्यायचे, याची कुजबुज तेवढी सभामंडपात चालू असते.

आमचे भांडण या फुलाशी नाही. रुग्णाला रुग्णालयात नेणारा चालक हा उपचाराचा भाग नव्हेच, तो केवळ भाड्याचा मनुष्य, ही जी समजूत सरकारच्या कागदांत, रुग्णालयांच्या कारभारात आणि आपल्या धर्मग्रामांच्या हिशेबवह्यांत पक्की होऊन बसली आहे, तिच्याशी आहे. ही समजूत खोटी आहे आणि तिच्यापायी माणसे मरतात, असे आम्ही म्हणतो.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणावा. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत कोयनेचा शिवसागर जलाशय पसरला आहे. त्याच्या काठच्या गावांतील रुग्णाने आधी लाँचने तापोळा किंवा बामणोली गाठायची, तेथून जीपने घाट उतरून साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय गाठायचे. पाटणच्या डोंगरावरील वाड्यांतून आजही रुग्ण झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावा लागतो. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा कोरडा मुलूख. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या सीमेवर असलेल्या उमदीच्या माणसाला मिरज गाठायची तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापावे लागते. आणि मोठे उपचार कोठे? कराडला, सांगलीला आणि मुख्यत्वे मिरजेला.

मिरजेला लोक आरोग्यपंढरी म्हणतात ते उगाच नव्हे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे १८९४ साली रुग्णालय उघडले आणि पुढे त्या गावाभोवती दवाखान्यांचे एक नगरच उभे राहिले. रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे कर्नाटकातूनही रुग्ण तेथे उतरत. आसपासच्या खेड्यांतून ते बैलगाडीने येत. वानलेसांचे चरित्र, त्यांच्या शस्त्रक्रिया, त्यांनी घडविलेले डॉक्टर यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. ज्या गाडीवानांनी रात्रभर बैल हाकून त्यांच्या दारात रुग्ण आणून टाकले, त्यांच्याविषयी एक ओळ आमच्या वाचनात आलेली नाही. पंढरीचा वारकरी निदान आपल्या पायांनी चालत जातो. आरोग्यपंढरीच्या वारकऱ्याला दुसऱ्याने न्यावे लागते. शंभर-सव्वाशे वर्षांत बैलगाडीची जीप झाली, पण तिच्या चालकाची नोंद करण्याची बुद्धी आम्हाला झाली नाही.

अपघात, सर्पदंश, हृदयविकाराचा झटका यांची गोष्ट वेगळी. तेथे सायरन वाजतो, लोक वाट देतात, वर्तमानपत्रात बातमी येते. आम्ही बोलतो आहोत ते ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळी, महिनोन् महिने, वर्षानुवर्षे जावे लागणाऱ्या रुग्णांविषयी. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास डायलिसिसवर राहावे लागते. वर्षाला १५६ फेऱ्या झाल्या. केंद्र घरापासून ४० किलोमीटरवर असले तर जाऊन येऊन ८० किलोमीटर, म्हणजे वर्षाला १२,४८० किलोमीटर. तीन-सव्वातीन वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा होते! कर्करोगाच्या रुग्णाला किरणोपचार द्यायचे ठरले की पुष्कळदा पाच-सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज जावे लागते. प्रत्यक्ष किरण लागतात ते काही मिनिटे. उरलेला दिवस रस्त्यावर जातो. या प्रवासातील एखादी फेरी चुकली तर काय होते? डायलिसिस चुकले की शरीरात पाणी साठते, पोटॅशियम वाढते, श्वास कोंडतो आणि हृदय बंद पडू शकते. क्षयाच्या औषधाचा खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणजे यंत्र शाबूत आहे, औषध आहे, डॉक्टर हजर आहे आणि रुग्ण मेला, कारण गाडी आली नाही. असा मृत्यू कोणत्या रकान्यात लिहितात? आमच्या माहितीप्रमाणे कोणत्याच नाही.

आता हे काम करणारा चालक नेमके काय करतो ते पाहू, कारण 'गाडी चालवतो' एवढ्याच उत्तरावर आपण सारे समाधान मानतो. पाटण-कराड रस्त्यावर अनेक वर्षे अशा फेऱ्या करणारे एक गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत झालेले. परंतु डायलिसिसच्या रुग्णाच्या ज्या हाताला फिस्टुला केलेला असतो तो हात धरून त्याला गाडीत चढवायचे नाही, हे त्यांना कोणी न सांगता ठाऊक झाले आहे. डायलिसिस उरकून बाहेर आलेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, पायांत गोळे येतात, म्हणून ते त्याला लगेच उठवीत नाहीत. थोडा वेळ बसू देतात, पाठ टेकता येईल अशी जागा करतात, मग गाडी सुरू करतात. सुई काढलेल्या जागेतून रक्त येऊ लागले तर स्वच्छ कापडाने दाबून धरून गाडी उलटी वळवायची, हे ते एकदा करून चुकले आहेत. केमोथेरपी घेतलेल्या रुग्णासाठी गाडीत पिशव्या, पाणी आणि टॉवेल असतो. त्या दिवशी ते गाडीत उदबत्ती लावीत नाहीत आणि दुसरे भाडे घेत नाहीत. का, तर वासाने उमळून येते आणि गर्दीतल्या खोकल्याने दुखणे वाढते. हे ज्ञान कोणत्या पाठ्यपुस्तकातले आहे? रुग्णालयातील एखाद्या सिस्टरने चार शब्द सांगितले असतील, बाकीचे त्यांनी रुग्णांच्या चेहऱ्यांवरून वाचले.

आणखी एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते. सांगली जिल्हा एकेकाळी एचआयव्हीच्या प्रादुर्भावासाठी राज्यात ओळखला जात होता. पाचगणीच्या बेल-एअर रुग्णालयात पूर्वी क्षयरुग्ण येत, पुढे एचआयव्हीबाधितही येऊ लागले. वाईहून पसरणीचा घाट चढून तिकडे जाणाऱ्या जीपच्या चालकाला कोण कशासाठी चालले आहे ते ठाऊक असे. दर महिन्याला ठराविक दिवशी एआरटी केंद्राशी कोण उतरते, ते आजही चालकाला ठाऊक असते. गावात जाऊन त्याने एक शब्द उच्चारला तर एखादे कुटुंब उद्ध्वस्त होईल. तो बोलत नाही. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूवर गुप्ततेचे बंधन असते आणि त्यासाठी त्याला वर्षानुवर्षांचे शिक्षण दिले जाते. या माणसाला ते बंधन कोणी घातले?

सरकारकडे वळू. सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २६ जानेवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. तेव्हाचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण कराडचे आणि सेवा चालविणाऱ्या कंपनीचे संस्थापक हणमंतराव गायकवाड रहिमतपूरचे; म्हणजे या योजनेशी सातारा जिल्ह्याचे नाते निकटचे. हजारो जीव तिने वाचविले आहेत. परंतु ही सेवा आणीबाणीसाठी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला जाणाऱ्याने १०८ फिरविला तर त्याला गाडी मिळण्याची व्यवस्था नाही. त्याचा श्वास कोंडला की मग मिळेल. दुसरी सेवा १०२ ची. केंद्र सरकारने २०११ साली जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम आणला. गरोदर मातेला घरातून रुग्णालयात नेणे, गरज पडल्यास पुढच्या रुग्णालयात पोचविणे आणि बाळंतपणानंतर बाळासह घरी आणून सोडणे, हे तिन्ही प्रवास त्यात विनामूल्य ठरविले गेले. या कार्यक्रमाचे आम्हाला विशेष कौतुक वाटते. रुग्णाला परत घरी पोचविणे हेही उपचारात मोडते, हे तत्त्व सरकारने तेथे मान्य केले आहे.

मग हेच तत्त्व मूत्रपिंडाच्या रुग्णाला का लागू नाही? २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला. गरिबांना डायलिसिस मोफत झाले, यंत्रे जिल्ह्याच्या ठिकाणी आली. प्रवासाचे काय? राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेत (तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे) रुग्णालयातून घरी जाण्याचे एका वेळचे एसटीचे अथवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे धरलेले होते. येण्याचे नव्हते. जणू रुग्ण रुग्णालयाच्या दारात आपोआप उगवतो! एसटीच्या सवलतींच्या यादीत कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, डायलिसिस यांचे रुग्ण आहेत, हे चांगले आहे. पण संध्याकाळी पाच वाजता गळालेल्या अंगाने कराडच्या स्थानकावर उभे राहून मुक्कामी गाडीची वाट पाहणे आणि फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चढ चढणे ज्याला जमत नाही, त्याला सवलतीचे कार्ड काय कामाचे? ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. ते सहा महिने या रुग्णांना कोणी नेले? ज्याला आपण 'वडाप' म्हणून नाक मुरडतो, त्याच जीपवाल्यांनी नेले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचे रस्ते दिवसचे दिवस बंद राहिले, तेव्हा ज्या ज्या फाट्यांवरून वाट मिळेल तिकडून फिरून रुग्णांना केंद्रापर्यंत पोचविण्याचा खटाटोपही याच लोकांनी केला. रक्तातील विष नदी उतरण्याची वाट पाहत नाही.

आणि जे चालक सरकारी सेवेत आहेत त्यांची तरी कदर आहे काय? १०८ च्या चालकाला 'पायलट' म्हणतात. नाव आकाशात आणि नोकरी कंत्राटदाराच्या मुठीत! १०२ च्या चालकांना तर थकलेल्या पगारासाठी आणि किमान वेतनासाठी राज्यात ठिकठिकाणी आंदोलने करावी लागली आहेत. मध्यरात्री प्रसूतीच्या कळा देणारी बाई घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाला पुढल्या महिन्यात कंत्राट कोणाकडे जाईल याची धास्ती असते. अशा माणसाकडून आपण शांत डोक्याची अपेक्षा करतो.

आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्हाला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप मोठ्या आवाजात येईल: हे रुग्णवाहिकेवाले आणि जीपवाले लुटारू असतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत अवाच्या सवा भाडे उकळले गेले आणि प्रशासनाला दरपत्रके लावावी लागली. रुग्ण अमुक एका रुग्णालयात आणून टाकला की चालकाच्या हातावर पाकीट पडते, हेही आम्ही ऐकले आहे. पण पाकीट घेणारा एक असतो तसा देणाराही एक असतो. कट प्रॅक्टिसला आळा घालण्यासाठी राज्य सरकारने २०१७ साली कायद्याचा मसुदा करविला, तो काही जीपवाल्यांपायी नव्हे. तो शिकल्यासवरल्या मंडळींसाठी होता. शिवाय ज्या धंद्याला दर नाही, नोंद नाही, प्रशिक्षण नाही आणि मान नाही, त्यात लबाडी शिरली तर नवल कसले? चालकाला लुटारू म्हणून सोडून देणे सोपे आहे. त्याला व्यवस्थेत घेऊन त्याच्याकडून जाब मागणे अवघड आहे, म्हणून आपण सोपे ते करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याला उत्तर असे की ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत, प्रकृतीमुळे ज्याला स्वतःहून जाता येत नाही अशा रुग्णाला ठरलेल्या भेटीसाठी नेण्या-आणण्याची विनामूल्य सोय आहे. अमेरिकेत, जेथे औषधोपचार फुकट देण्याचा कोणालाही फारसा सोस नाही, तेथेसुद्धा गरिबांच्या मेडिकेड योजनेत हा प्रवास मिळतो. हे देश श्रीमंत आहेत म्हणून देतात असे नव्हे. चुकलेल्या उपचारामुळे अतिदक्षता विभागात येणारा रुग्ण जीपच्या भाड्यापेक्षा कितीतरी महाग पडतो, हा हिशेब तेथेही आहे आणि येथेही तोच आहे.

तिसरा आक्षेप मात्र आपल्याच माणसांचा आहे आणि तो आम्हाला अधिक बोचतो. लोक म्हणतात, "तो पैसे घेतो ना? मग सेवा कसली?" डॉक्टर पैसे घेत नाहीत काय? आणि शुभवर्तमान तर आपण सर्वांनीच ऐकले आहे. लूकने सांगितलेला तो शोमरोनी जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून थांबला नाही. त्याने जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, खर्च दिला आणि परतताना पुन्हा येण्याचे कबूल केले. मार्कने सांगितलेल्या पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि गर्दीमुळे छप्पर उकलून खाली सोडले. प्रभूने त्या चौघांचा विश्वास पाहिला, असे तेथे लिहिले आहे, पण त्यांची नावे मात्र लिहिलेली नाहीत. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेल्याची तक्रार काय होती? पाणी नाही अशी नव्हती. आपल्याला पाण्यापर्यंत नेणारे कोणी नाही, अशी होती. जतच्या, माणच्या, कांदाटी खोऱ्याच्या रुग्णाची तक्रार याहून वेगळी नाही. देशाच्या कायद्याने तर शोमरोन्याचे नावच उचलले: अपघातग्रस्ताला रुग्णालयात आणणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली 'गुड समॅरिटन'विषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक ठरविले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यात आली. एकदा आणणाऱ्याला संरक्षण मिळाले. वर्षातून १५६ वेळा आणणाऱ्याचा विचार व्हायचा आहे.

दुसऱ्यांकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही, कारण आमचा स्वतःचा हिशेब चुकला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने पाटणकडील एका वृद्ध विधवा बाईंना तपासणीसाठी न्यायचे ठरविले. वर ज्यांचा उल्लेख केला त्याच गृहस्थांची जीप आम्ही घासाघीस करून ठरविली. भेटीची वेळ सकाळी दहाची होती. रुग्णालयाने बाईंना आत घेतले ते दुपारी चारला. आमच्यापैकी दोघेजण बरोबर होते, पण साडेअकराला त्यांना 'काम निघाले' आणि ते बसने परतले. रात्री आठला जीप परत आली तेव्हा चालकाने थांबण्याचे जादा पैसे मागितले आणि आम्ही ते नाकारले. ठरल्यापेक्षा एक पैसा अधिक देणार नाही, अशा बाणेदारपणे नाकारले. ते गृहस्थ भांडले नाहीत. म्हणाले, "पैशाचं राहू द्या. पण आजींना सकाळपासनं कुणी चहा तरी विचारला का, एवढं सांगा." चहा त्यांनीच पाजला होता. फाईल घेऊन खिडक्या त्यांनीच फिरल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितले तेही त्यांनाच ठाऊक होते, कारण आत आजींबरोबर दुसरे कोणी नव्हतेच. त्या वर्षीच्या मंडळाच्या अहवालात आम्ही 'रुग्णसेवा' असा मथळा देऊन तो प्रसंग छापला. खाली जमाखर्चात 'वाहनखर्च' म्हणून एक आकडा होता आणि त्याच्या शेजारी 'हार व फुले' म्हणून दुसरा. दुसरा आकडा थोडा मोठा होता.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. डायलिसिस, केमोथेरपी आणि किरणोपचार यांच्या सरकारी योजनांत जाण्या-येण्याचा खर्च उपचाराचाच खर्च म्हणून धरावा आणि तो कागदपत्रांच्या भेंडोळ्याशिवाय थेट गाडीवाल्याला मिळावा. १०२ च्या चालकांना कंत्राटदाराच्या तावडीतून सोडवून जिल्हा परिषदेने कायम करावे. तालुक्यातील ज्या जीपवाल्यांची इच्छा असेल त्यांची नोंदणी करून, किलोमीटरचा आणि थांबण्याचा दर ठरवून, जिल्हा रुग्णालयात त्यांना चार दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. त्यासाठी नवीन इमारत बांधावी लागत नाही, उद्घाटनही करावे लागत नाही. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

धर्मग्रामांसाठी काम याहून लहान आहे. प्रत्येक धर्मग्रामात कोणाला कोणत्या वारी कोठे जावे लागते याची एक यादी असावी, आणि लग्नाच्या वरातीला गाड्या मिळवून देणाऱ्या आपल्या तरुणांनी त्या यादीतील एकेक वार वाटून घ्यावा. ज्याच्याकडे गाडी नाही त्याने बरोबर जाऊन फाईल धरावी. भाड्याची जीप घ्यावी लागली तर थांबण्याचे पैसे आधीच ठरवावेत आणि न मागता द्यावेत.

पाटण-कराड रस्त्यावरील त्या गृहस्थांना आम्ही पुढे एकदा विचारले की तुम्हाला काय हवे. सत्काराची गोष्ट निघताच ते हसले. म्हणाले, दवाखान्यांत रुग्णाला खाट असते, नातेवाइकांना बाकडे असते, डॉक्टरांच्या मोटारींना शेड असते. आम्हाला दिवसभर उन्हात गाडीतच बसावे लागते, आणि फाटकावरचा रखवालदार दर अर्ध्या तासाने गाडी पुढे घ्यायला लावतो. एखादे झाड, पाण्याचा नळ आणि पाय मोकळे करायला जागा मिळाली तर परतीच्या घाटात डोळा लागणार नाही.

त्या थकलेल्या पैशांचा हिशेब आम्ही त्याच दिवशी चुकता केला. त्यांनी नोटा मोजल्या, त्यांतली एक परत केली, कारण त्यांच्या मते आम्ही एक तास जास्त धरला होता.